१९९० च्या मस्टँगला नायट्रस : प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर

माझ्याकडे असलेल्या १९९० सालच्या फोर्ड मस्टँगला नायट्रस ऑक्साइडचा (इंजिनाला जादा ऑक्सिजन पुरवून शक्ती वाढवणाऱ्या वायूचा) संच बसवण्याचे काम आजपासून हाती घेत आहे. गाडी पाच लिटरच्या व्ही-८ इंजिनाची, हॅचबॅक बांधणीची आणि हाताने गिअर बदलण्याची आहे. नवी असताना या इंजिनाची नोंदवलेली शक्ती ४२०० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) २२५ अश्वशक्ती आणि टॉर्क ३२०० आरपीएमला सुमारे ४०७ न्यूटन-मीटर होता. त्यातले आज किती उरले आहे ते आधी मोजावे लागेल, आणि या नोंदी ठेवण्यामागचे कारणही तेच आहे. संच नवा आहे आणि त्याच्यासोबत आलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवता येतो; जुनी गाडी मात्र स्वतःविषयी जे सांगते, ते पडताळून पाहिल्याशिवाय खरे धरता येत नाही.

वाढीव शक्ती ७५ अश्वशक्तीपुरतीच ठेवायची असे ठरवले आहे. १९९० च्या या इंजिनात फोर्ज केलेले, म्हणजे दाबून घडवलेले मजबूत पिस्टन आहेत (ओतीव पिस्टन १९९३ मध्ये आले), त्यामुळे खुद्द इंजिन याहून अधिक सोसेल. परंतु या गाडीतल्या, १९९० पासूनच्या टी-५ गिअरबॉक्सची ठरवून दिलेली टॉर्कमर्यादा ४०७ न्यूटन-मीटरच आहे, म्हणजे नायट्रसचा थेंबही न सोडता मूळ इंजिन ती मर्यादा गाठते. गिअरबॉक्स सध्या बदलायचा नसल्यामुळे हाव आवरणे भाग आहे. नायट्रसचा वापर केवळ बंद ड्रॅग पट्टीवर (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या धावपट्टीवर) होईल आणि इतर वेळी बाटलीची झडप बंद राहील.

१९ ऑक्टोबर

संचाचा प्रकार निश्चित केला. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, तर नायट्रस ऑक्साइडमध्ये ३६ टक्के. ज्वलनकक्षात सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचा रेणू फुटू लागतो, ऑक्सिजन मोकळा होतो आणि फुटण्याच्या क्रियेतूनही उष्णता निघते. शिवाय हा द्रव उणे ८८ अंशांना उकळतो, त्यामुळे तो नळीबाहेर पडताच आजूबाजूची हवा गार आणि घन होते. वायू स्वतः जळत नाही. तो फक्त अधिक पेट्रोल जाळण्याची सोय करतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांत विरळ हवेच्या उंचीवर शक्ती टिकवण्यासाठी हाच पदार्थ वापरला जात होता. जादा ऑक्सिजनच्या मापाने जादा पेट्रोल पोहोचले नाही, तर मिश्रण पातळ होते, तापमान भडकते आणि पिस्टनचा माथा वितळतो. म्हणून नायट्रसचे काम हे निम्म्याहून अधिक पेट्रोलचे काम आहे, असे मी धरून चाललो आहे.

कोरड्या संचात नॉझलमधून केवळ नायट्रस सोडतात आणि जादा पेट्रोल गाडीच्या मूळ इंजेक्टरमधून येते. या पिढीच्या गाड्यांसाठी मिळणाऱ्या कोरड्या संचात नायट्रसचाच दाब इंधनदाब-नियंत्रकावर देऊन पेट्रोलचा दाब बराच वर चढवत असत. कल्पना चतुर आहे, पण तीत जुना पंप आणि जुने इंजेक्टर या दोघांची एकाच वेळी परीक्षा होते. ओल्या संचात नायट्रस आणि पेट्रोल एकाच नॉझलमधून शेजारी शेजारी फवारले जातात. त्यातही एक दोष आहे : या इंजिनाचे इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळ्यांचा जुडगा) फक्त हवा वाहून नेण्यासाठी घडवलेले असल्याने, हवेचा वेग कमी असेल तर पेट्रोलचे थेंब वळणांवर खाली बसतात आणि साचलेले पेट्रोल पेटले तर मॅनिफोल्ड फुटू शकते. लहान जेट (प्रवाहाचे माप ठरवणारे छिद्र) आणि फक्त वरच्या आरपीएमला फवारण्याचे बंधन पाळले तर हा धोका आटोक्यात राहतो, म्हणून ओला संच घेतला.

आठही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना आत तयार होणारा दाब) इंजिन गरम असताना, सर्व प्लग काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडे ठेवून तपासले. सात सिलिंडर १०.६ ते ११.१ बारच्या दरम्यान आले, सहावा १०.१ वर राहिला. फरक दहा टक्क्यांच्या आत आहे; पुढे जाण्यास हरकत नाही.

२ नोव्हेंबर

पेट्रोलचा हिशेब मांडला. पूर्ण थ्रॉटलवर दर अश्वशक्तीमागे ताशी सुमारे ०.२३ किलो पेट्रोल लागते असे धरले, तर मूळ २२५ अश्वशक्तीला ताशी ५२ किलो आणि वाढीव ७५ ला ताशी १७ किलो, म्हणजे एकूण ताशी ६९ किलो लागेल. पेट्रोलची घनता लिटरला ०.७४ किलो धरता हे ताशी ९३ लिटर होतात. या गाडीचा मूळ पंप ताशी ८८ लिटरचा आहे, आणि तोही नवा असताना. हिशेब इथेच संपला. टाकीतला पंप काढून ताशी १९० लिटरचा बसवला.

पंप बदलल्यावर सहज म्हणून त्याच्या टोकांपाशी व्होल्टेज मोजले. अल्टरनेटरवर १३.९ व्होल्ट असताना पंपापर्यंत जेमतेम ११.८ पोहोचत होते. दोन व्होल्टहून अधिक वीज जुन्या तारेत, गंजलेल्या जोडांत आणि टाकीजवळच्या अर्थच्या बोल्टखाली साचलेल्या रंगात गडप होत होती. पंपाची क्षमता व्होल्टेजवर अवलंबून असते, तेव्हा वेष्टनावर लिहिलेले १९० लिटर या तारेवर कधीच मिळाले नसते. बॅटरीपासून फ्यूजसह नवी जाड तार टाकली, मागे स्वतंत्र रिले बसवला (जुनी तार आता फक्त रिले चालवते), आणि अर्थचा बोल्ट उघड्या पत्र्यापर्यंत घासून घट्ट केला. आता पंपावर १३.५ व्होल्ट मिळतात. नियंत्रकाची व्हॅक्यूम नळी काढून मोजलेला इंधनदाब २.७ बार, म्हणजे जसा हवा तसाच आहे.

१६ नोव्हेंबर

आजचा दिवस टायमिंगसाठी, म्हणजे ठिणगी पडण्याच्या क्षणासाठी, ठेवला होता. नायट्रसमुळे ज्वलन वेगाने होते, म्हणून ठिणगी थोडी उशिरा टाकावी लागते. दर ५० वाढीव अश्वशक्तीमागे सुमारे दोन अंश हा प्रचलित ठोकताळा आहे. या गाडीत मूळ टायमिंग १० अंश असते, म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याआधी क्रँकचे १० अंश उरले असताना ठिणगी पडते. डिस्ट्रिब्यूटरजवळचा स्पाउट जोड उपटला की संगणकाचा हस्तक्षेप थांबतो आणि टायमिंग लाइटच्या उजेडात डिस्ट्रिब्यूटर फिरवून हा आकडा लावता येतो. मला तो ७ वर आणायचा होता. लाइट लावला, खूण नेमकी १० वर दिसली, आणि तिथेच समाधान मानून पुढे जाणे सोपे होते.

पण ही खूण असते कशावर? क्रँकच्या टोकाशी असलेल्या बॅलन्सरच्या बाहेरच्या कड्यावर. ते कडे आतल्या तुंब्याला केवळ रबराच्या पट्टीने जोडलेले असते, आणि पस्तीस वर्षांच्या उष्णतेने व तेलाने ते रबर सुटू लागले तर कडे तुंब्यावर हळूहळू सरकते. इंजिन बिनतक्रार चालत राहते. खोटी ठरते ती फक्त खूण. तेव्हा खुणेवर विसंबण्याआधी पहिल्या पिस्टनचे खरे वरचे टोक शोधायचे ठरवले.

बॅटरीची तार सोडवली, सर्व प्लग काढले आणि पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या जागी पिस्टन अडवणारा खुंटा घट्ट केला. क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन सावकाश हाताने फिरवले. पिस्टन खुंट्याला टेकताच थांबलो आणि दर्शक काट्यासमोर कड्यावर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली. मग उलट्या दिशेने फिरवून, पिस्टन पुन्हा टेकल्यावर दुसरी रेघ ओढली. दोन रेघांचा बरोबर मध्य म्हणजे पिस्टनचे खरे वरचे टोक. तो मध्य शून्याच्या खुणेवर यायला हवा होता. तो तिच्यापासून ७ मिलिमीटर दूर आला. बॅलन्सरचा व्यास १६५ मिलिमीटर आहे, म्हणजे परिघावर एक अंशाला सुमारे १.४४ मिलिमीटर; सात मिलिमीटर म्हणजे जवळजवळ पाच अंश. खात्रीसाठी सगळे पुन्हा केले, रेघा तिथेच आल्या. कडे फिरण्याच्या दिशेने पुढे सरकले होते, त्यामुळे लाइटमध्ये १० दिसत असताना इंजिनात ठिणगी १५ अंश आधी पडत होती.

उन्हाळ्यात वरच्या गिअरमध्ये चढावर येणारी खडखड मी दोन वर्षे पेट्रोलच्या दर्जाच्या नावावर खपवत आलो होतो. तिचा उलगडा आज झाला. आणि ठोकताळ्याप्रमाणे तीन अंश मागे घेऊन मी ७ लावले असते, तर प्रत्यक्षात १२ अंशांवर, म्हणजे कारखान्याच्या आकड्याहूनही दोन अंश आधी ठिणगी टाकत ७५ अश्वशक्तीचा नायट्रस सोडला असता.

२३ नोव्हेंबर

बॅलन्सर बदलला. एक सावधगिरी इथे नोंदवून ठेवतो : या घराण्यातली जुनी इंजिने २८ औंस-इंच (मुद्दाम ठेवलेल्या) असंतुलनाची आणि १९८२ नंतरची ५० औंस-इंचाची आहेत. दोन्ही बॅलन्सर वरवर सारखे दिसतात आणि चुकीचा बसलाही तरी बसतो. मग इंजिन हादऱ्यांनी स्वतःचे बेअरिंग खाते. नवा ५० चाच आहे याची खात्री करून, दाबून बसवण्याच्या अवजाराने बसवला. हातोड्याला हात लावला नाही. खुंटा लावून शून्याची खूण पुन्हा पडताळली आणि मग टायमिंग ७ अंशांवर लावले. नायट्रस नसतानाही टायमिंग आता सातच राहणार असल्याने खालच्या आरपीएमला गाडी किंचित सुस्त वाटते. ही किंमत मला मान्य आहे.

प्लग एक पायरी थंड प्रतीचे, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे, घेतले आणि गॅप मूळ १.३७ वरून ०.९ मिलिमीटर केला, कारण सिलिंडरमधला दाब वाढला की रुंद गॅपमध्ये ठिणगी विझण्याचा संभव असतो.

३० नोव्हेंबर

साडेचार किलोची बाटली मागच्या भागात बसवली. ती कशीही आडवी टाकून चालत नाही. आतली सायफन नळी तळाच्या मागच्या कोपऱ्याकडे वळलेली असते, आणि गाडी वेग घेताना द्रव मागे लोटला जातो; म्हणून झडप पुढे, थोडी उंच, आणि लेबल वर, अशीच ती राहिली पाहिजे. उलटी बसवली तर ऐन वेगात नळी उघडी पडते, द्रवाऐवजी वाफ जाते आणि मिश्रण हेलकावे खाते. कंस पत्र्याच्या खालून मोठे वॉशर देऊन बोल्टने आवळले आहेत.

हॅचबॅकमध्ये बाटली आणि माणसे एकाच पोकळीत असतात. बाटलीच्या झडपेवर सुमारे २०७ बारला फुटणारी सुरक्षा-चकती असते. ती फुटली तर सगळा वायू क्षणात बाहेर येतो. चालकाचा श्वास कोंडायला आणि काचा धुरकटायला तेवढे पुरे आहे. म्हणून चकतीच्या तोंडापासून गाडीच्या तळाबाहेर जाणारी निकासनळी बसवली. गाडीसाठी विकल्या जाणाऱ्या नायट्रसमध्ये थोडा सल्फर डायऑक्साइड मुद्दाम मिसळलेला असतो, त्यामुळे तो कोणी हुंगायला गेल्यास पश्चात्तापच पदरी पडतो.

७ डिसेंबर

नायट्रसची तारजाळीची नळी गाडीच्या तळाखालून, एक्झॉस्ट आणि ड्राइव्हशाफ्टपासून दूर, दर हातभर अंतरावर चिमटे देत पुढे आणली. जोडणीआधी ती कोरड्या दाबाच्या हवेने फुंकून घेतली. तिरप्या आट्यांच्या जोडांना टेफ्लॉनची पेस्ट लावली, फ्लेअर जोडांना काहीच लावले नाही. टेफ्लॉनची पट्टी कुठेही वापरलेली नाही, कारण तिचा एखादा तुकडा सोलेनॉइडच्या (विजेने उघडणाऱ्या झडपेच्या) बैठकीत अडकला तर झडप अर्धवट उघडी राहते. अर्धवट उघडी नायट्रसची झडप म्हणजे काय, हे वेगळे लिहिण्याची गरज नाही.

पेट्रोल इंधन-रेलवरच्या दाब तपासण्याच्या तोंडापासून घेतले. नॉझल थ्रॉटलच्या अलीकडे रबरी नळकांड्यात, हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढे बसवले. रबराला छिद्र पाडताना निघालेला भुसा आत जाऊ नये म्हणून नळकांडे काढून टेबलावर काम केले आणि नंतर ते आतून धुतले.

१४ डिसेंबर

विजेची जोडणी पूर्ण झाली. सोलेनॉइडांना वीज मिळण्यासाठी चार अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात : डॅशवरचे झाकणाचे बटण चालू, थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर दबणारा सूक्ष्म स्विच दबलेला, आरपीएम ठरलेल्या खिडकीत, आणि इंधनदाब २.३ बारच्या वर. यांतली एक जरी अट मोडली तरी दोन्ही झडपा मिटतात.

खिडकी ३५०० ते ५४०० आरपीएम ठेवली आहे. वरची हद्द इंजिन स्वतः रोखते त्या ६२५० च्या पुष्कळ खाली आहे. खालच्या हद्दीविषयी मात्र थोडे लिहितो, कारण घाई तिथेच होते. नायट्रसचा प्रवाह वेळेनुसार ठरतो, फेऱ्यांनुसार नाही. सेकंदाला तितकाच वायू कमी फेऱ्यांत वाटला गेला, तर प्रत्येक ठोक्याच्या वाट्याला जास्त येतो. ७५ अश्वशक्तीचा वाढीव टॉर्क ५००० आरपीएमला १०७ न्यूटन-मीटर असतो, ३५०० ला तो १५३ होतो आणि २५०० ला २१४. गिअरबॉक्सची मर्यादा पाहता ३५०० वरही मी फारसा निश्चिंत नाही. म्हणून गिअर बदलताना पाय उचलायचाच, म्हणजे झडपा मिटतील, असा नियम स्वतःला घालून घेतला आहे.

बाटली बंद ठेवून तपासणी केली. इंजिन बंद असताना पेट्रोलच्या सोलेनॉइडला वीज दिली नाही, कारण त्याने मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल ओतले जाते. त्याची तार काढून त्या जागी छोटा दिवा लावला आणि चारही अटी एकेक करून मोडून पाहिल्या. दिवा प्रत्येक वेळी विझला.

४ जानेवारी

पट्टीवरचा पहिला दिवस. बाटलीतला दाब सकाळी ४७ बार होता. हा दाब जवळजवळ संपूर्णपणे तापमानावर ठरतो. २० अंशांना तो सुमारे ५० बार असतो आणि ३० अंशांना ६३. कमी दाबाला नायट्रस कमी जातो, पेट्रोल मात्र तेवढेच, म्हणजे मिश्रण दाट होते. दाब-स्विचने नियंत्रित होणाऱ्या विजेच्या पट्ट्याने बाटली ६३ बारपर्यंत गरम केली. ३६ अंशांच्या पुढे हा पदार्थ द्रव म्हणून राहतच नाही, तेव्हा बाटली आणखी तापवण्यात अर्थ नाही.

नायट्रसशिवाय दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसरीत, तिसऱ्या गिअरमध्ये, बटण चालू केले. ३५०० ला आसनाने पाठीला रेटा दिला, आणि जेमतेम सव्वा सेकंदात तो रेटा हात काढून घ्यावा तसा नाहीसा झाला. पाय उचलला, गाडी बाजूला घेतली, बाटली बंद केली. नोंदयंत्रातली रेषा पाहिली : इंधनदाब २.७ वरून उतरत उतरत ४४०० आरपीएमला २.३ च्या खाली गेला होता आणि दाबाच्या स्विचने सगळे तोडले होते. एक्झॉस्टवरून मिश्रण मोजणाऱ्या वाइडबँड सेन्सरवर ते (एक भाग पेट्रोलला हवेचे भाग) ११.६ वरून १२.७ पर्यंत पातळ झालेले दिसत होते. आणखी एखादा सेकंद गेला असता तर आजची नोंद निराळी झाली असती.

पंप नवा, तार नवी, व्होल्टेज पुरेसे. घरी आल्यावर तळाखाली पडून पाहिले तेव्हा उरलेली एकच जुनी वस्तू समोर दिसली, ती म्हणजे इंधनाचा फिल्टर. पंपाच्या कामाच्या वेळी मी तो हातभर अंतरावरून पाहिला होता आणि बदलायचा राहून गेला होता. काढून उलटा केला, तर आतून निघालेले पेट्रोल चहासारखे तपकिरी होते आणि बशीत गंजाचा बारीक गाळ बसला. उभ्या गाडीवर २.७ बार दाखवणारी तपासणी इथे निरुपयोगी ठरली, कारण अडथळा दिसतो तो प्रवाह वाढल्यावर. चूक सर्वस्वी माझी.

१८ जानेवारी

नवा फिल्टर लावून पुन्हा पट्टीवर. बाटली ६३ बार. चार फेऱ्यांत नायट्रस मिळून १९ सेकंद चालला. इंधनदाब सर्वात कमी २.६२ बार, मिश्रण ११.४ ते ११.७ च्या दरम्यान स्थिर, नॉकिंगचा (अवेळी ज्वलनाच्या खडखडीचा) आवाज नाही. बाटली आधी आणि नंतर काट्यावर तोलली : ४९० ग्रॅम घटली, म्हणजे फेरीआधी नळी रिकामी करण्यासाठी बाहेर सोडलेल्या फवाऱ्यासह सेकंदाला सुमारे २६ ग्रॅम. या हिशेबाने भरलेली बाटली पावणेतीन मिनिटांहून थोडी अधिक पुरेल. दाबाच्या काट्यावरून बाटलीत किती उरले ते कळत नाही, कारण द्रवाचा शेवटचा थेंब असेपर्यंत काटा तेवढाच दाखवतो. उरलेले मोजायचे ते वजनावरच.

चौथ्या फेरीनंतर पूर्ण थ्रॉटलवरच इंजिन बंद करून गाडी गिअर काढून घरंगळत आणली आणि गार झाल्यावर आठही प्लग काढले. भिंगाखाली पाहता सात प्लगांचे पांढरे चिनीमातीचे टोक स्वच्छ आहे, काळे ठिपके किंवा ॲल्युमिनियमचे चमकते कण कुठेही नाहीत, आणि वरच्या वाकड्या पट्टीवर उष्णतेने रंग बदलल्याची रेषा वळणाच्या जवळ आहे. सहाव्या प्लगवर ती रेषा बाकीच्यांपेक्षा दीड मिलिमीटर टोकाकडे आहे आणि चिनीमातीच्या मुळाशी काजळीचे कडे थोडे जाड आहे. म्हणजे तो सिलिंडर इतरांहून थोडा थंड आणि दाट चालतो आहे. कॉम्प्रेशनच्या तपासणीत मागे राहिलेला सिलिंडरही हाच होता. मोठा जेट डब्यातून बाहेर काढला होता, तो परत ठेवला. पुढच्या आठवड्यात सहाव्याची गळती-चाचणी.